कावेरी इंजिन नेमकं कुठे अडलं? कारखान्यात काम केलेल्यांकडून ऐकायचंय

कळवा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहतो, ऐरोलीच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला लढाऊ विमानांची जेट इंजिनं हा विषय घेतलाय आणि त्यातला मोठा भाग कावेरीसाठी, म्हणजे तेजस या आपल्या लढाऊ विमानासाठी देशातच करायला घेतलेल्या इंजिनासाठी, ठेवलाय.

आतापर्यंत एवढं गोळा झालंय: १९८९ साली ३८२.८१ कोटी रुपये मंजूर झाले, काम बेंगळुरूच्या जीटीआरई या संरक्षण खात्याच्या इंजिन प्रयोगशाळेकडे, मुदत डिसेंबर १९९६. आफ्टरबर्नरसकट (मागच्या झोतात पुन्हा इंधन पेटवून जोर वाढवणारा भाग) ८१ किलोन्यूटन रेटा मिळायला हवा होता, तो गाठता आला नाही आणि इंजिनाचं वजन ठरल्यापेक्षा शंभर किलोहून जास्त भरलं. तेजस २००१ मध्ये उडालं ते अमेरिकेच्या जीई कंपनीच्या एफ-४०४ इंजिनावर, आणि २००८ मध्ये कावेरी तेजसपासून अधिकृतपणे वेगळं केलं.

अडतोय तो मुद्दा असा. कोरापुटला एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात मिग-२१ चं आर-२५ इंजिन बनायचं, सुखोईचं एएल-३१एफपी बनतं. म्हणजे इंजिन बनवणारी माणसं आणि मशिनं आपल्याकडे आहेत. मग स्वतःचं इंजिन करताना काय कमी पडतं? डिझाइन, धातू की पैसा? वर्गात विषय काढला की सगळे दोन वाक्यांत निकाल लावून मोकळे होतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मशीन शॉप, फाउंड्री, लॅब यांत काम केलेली बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून मुद्दाम इथे विचारतोय.

घोडबंदर_८८

इच्छाशक्ती कमी पडली, दुसरं काही नाही. चीनने रशियाचं इंजिन उघडलं, मापं घेतली, स्वतःचं केलं. आपल्याकडेही एएल-३१ आहे. आता तर सीएमएम (बारीक मापं घेणारं मशीन) आहे, थ्रीडी स्कॅनर आहे. एक इंजिन पूर्ण सोडायचं, प्रत्येक भागाचं मॉडेल करायचं आणि देशातल्या चांगल्या शंभर शॉपना वाटून द्यायचं. आपल्या टीटीसी एमआयडीसीत पाच अक्षांची मशिनं धूळ खात नाहीयेत, करतील की लोक.

वागळे_टूलरूम

बाळा, सेमिनारसाठी का होईना, कुणीतरी हे मुळापासून विचारतंय याचा आनंद झाला. मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये सुरुवात केली, बरीच वर्षं स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या) होतो, आणि निवृत्तीआधी रबाळेच्या एका युनिटमध्ये इन्कोनेलचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचे, जॉब केले. इंजिनाचं डिझाइन हा माझा प्रांत नाही. धातू मशीनवर कसा वागतो ते मी जवळून पाहिलंय, त्यावरून लिहितो.

घोडबंदर, तुमच्या स्कॅनरपासून सुरू करतो. माप मिळतं, यात वाद नाही. आमच्याकडे इन्कोनेल ७१८ ची एक रिंग यायची. मोठा व्यास, पातळ भिंत. चकवर (मशीनच्या पकडीत) धरून बोअर केला, डायल फिरवला, काटा हलत नाही. अगदी पास. मग पकडीचे जॉ सोडले आणि तीच रिंग टेबलावर ठेवून मोजली की ओव्हल. धातूच्या पोटात फोर्जिंगपासूनचे ताण दडलेले असतात, वरचा थर काढला की ते नव्याने तोल साधतात आणि रिंग वाकते. उपाय काय? रफ करायचं, मटेरियल ठेवायचं, भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह करायचं, मग सॉफ्ट जॉ त्याच व्यासाला बोअर करून हलक्या हाताने धरायचं, एक बाजू थोडी, दुसरी बाजू थोडी, असं उलटसुलट करत फिनिशला यायचं. वर हा धातू कापताना कडक होत जातो. टूल एका जागी रेंगाळलं की तिथे कातडी चढते आणि पुढचा पास त्या कातडीवर जातो. इन्सर्टला, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याला, नेमकी कटाच्या खोलीच्या रेषेवर खाच पडते, म्हणून प्रत्येक पासला खोली बदलायची. कोणत्या टप्प्याला किती मटेरियल ठेवायचं हे आम्हाला रिंगा स्क्रॅप करूनच कळलं. तयार रिंग तुम्ही कितीही बारीक स्कॅन करा, हा क्रम तुम्हाला त्यात सापडणार नाही.

ही झाली साधी रिंग. टर्बाइनचं पातं घे. कळवा, कॅल्क्युलेटर घेऊन बस. पातं शंभर ग्रॅमचं धर, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर, आणि मिनिटाला १४,००० फेरे. ओमेगा वर्ग गुणिले त्रिज्या गुणिले वस्तुमान. सुमारे ६४ किलोन्यूटन येतील, म्हणजे साडेसहा टन. तळहातावर मावणाऱ्या एका पात्याच्या मुळाशी साडेसहा टनांची ओढ, अशी चकतीभोवती डझनावारी पाती. समोरून येणारा वायू कावेरीत १,४०० अंश सेल्सिअसच्या वर. निकेलचे सुपरअलॉय साधारण १,३०० ते १,३५० अंशांच्या आसपास वितळायला लागतात. म्हणजे वायू धातूच्या वितळणबिंदूपेक्षा गरम, आणि पात्याने त्यात ताणत न जाता टिकायचं, कारण टोक आणि केसिंग यांतली फट आधीच नखाएवढीही नाही.

टिकतं कसं? पातं आतून पोकळ असतं. काँप्रेसरमधली हवा आतल्या वळणावळणाच्या वाटांतून फिरवतात आणि अंगावरच्या बारीक भोकांतून बाहेर सोडतात, की पात्यावर तुलनेने थंड हवेचा पापुद्रा बसावा. ही 'थंड' हवा काँप्रेसरमधून येते तेव्हाच चारशे-पाचशे अंशांवर असते! वरून उष्णता अडवणारा झिर्कोनियाचा लेप. या सगळ्याच्या आत धातू कसाबसा वाचतो.

भोकांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते माझं काम. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं तिरकं भोक स्पार्कने पाडता येतं, आम्ही प्लास्टिकच्या वस्तूंच्या डायमध्ये (साच्यात) रोज पाडायचो. पण स्पार्क धातू वितळवून उडवतो, आणि सगळा उडत नाही. थोडा परत भोकाच्या भिंतीला चिकटून गोठतो. या थराला आम्ही रिकास्ट म्हणतो. मायक्रोस्कोपखाली पांढरट पट्टा दिसतो, त्यात केसाहून बारीक भेगा. डायमध्ये आम्ही तो पॉलिश करून काढून टाकायचो, आणि राहिला तरी प्लास्टिकच्या बादलीचं काही बिघडत नाही. पात्याच्या भोकात हात जात नाही, आणि तिथली प्रत्येक भेग साडेसहा टनांच्या ओढीखाली आहे. म्हणून करंट किती, पल्स किती, इलेक्ट्रोड किती भोकांनी बदलायचा, की तिथे स्पार्क सोडून इलेक्ट्रोकेमिकलने भोक पाडायचं, हे सगळं पाती कापून, घासून, बघून ठरवावं लागतं. ज्या देशांनी ठरवलं त्यांनी ते कुलपात ठेवलंय.

आता कोरापुट. तिथल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण परवान्याखाली बनवताना ड्रॉइंगवर माप असतं, टॉलरन्स (माप किती चुकलं तर चालेल) असतो, प्रोसेस शीट (कामाचा क्रम) असते. त्रिज्या दोन का, तीन का नाही, याचं उत्तर नसतं. तीन ठेवून जे इंजिन फुटलं ते कुठेतरी रशियातल्या टेस्ट बेडवर फुटलं, आणि त्याचा रिपोर्ट परवान्याबरोबर येत नाही. स्वतःचं इंजिन करायचं म्हणजे ते फुटणं स्वतःच्या घरी करायचं.

चीनचंही तेच. त्यांच्या डब्ल्यूएस-१० इंजिनाचं काम ऐंशीच्या दशकात सुरू झालं. त्यांची जे-१० आणि जे-११ विमानं किती वर्षं रशियन एएल-३१ वर उडली बघा. जे-२० सुद्धा सुरुवातीला रशियन इंजिनावरच उडालं. म्हणजे उघडून बघायला इंजिन हातात होतं, पैसा होता, तरी दशकं लागली. त्यांनी एक केलं: बाहेरून इंजिनं घेत राहिले आणि घरचं काम एक दिवस थांबवलं नाही.

आपल्याकडे नेमकं तेच सुटतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या रिंगचा क्रम बसवायला आमच्या दोन पोरांनी जीव ओतला होता. ऑर्डर मोजक्या नगांची. नग गेले, पास झाले, शाबासकी आली, आणि नंतर पुढची ऑर्डरच आली नाही. ज्यांनी काम दिलं होतं त्यांचा पुढचा टप्पा फायलीत अडकला. पोरं किती थांबणार? एक व्हॉल्व्हच्या कारखान्यात गेला, दुसरा आखातात. पुढे कधी चौकशी आली तेव्हा त्या क्रमाचं कागदावर जे होतं ते होतं, हातात काही उरलं नव्हतं. पोखरण रोडला, वागळेला जिथे टूलरूम होत्या तिथे आता टॉवर आहेत, तिथली माणसंही अशीच पांगली. इंजिनाला पैसा लागतोच, पण तो दरवर्षी थोडाथोडा, न तुटता यायला लागतो. पाच वर्षांनी एकदम आलेला पैसा मशीन घेऊन देतो, मशीन लावून देणारा सेटर घेऊन देत नाही.

महापे_लॅब

काकांनी पात्याचं मशिनिंग सांगितलं, मी त्याच्या आधीचं सांगते. महाप्याला मेटलर्जीच्या लॅबमध्ये आहे, रोजचं काम मायक्रो आणि क्रीप टेस्टचं.

कळवा, घराच्या पत्र्याच्या शेडखाली उभा राहून नवा जी.आय. पत्रा बघ. चकत्या-चकत्यांची नक्षी दिसते ना? ती प्रत्येक चकती म्हणजे जस्ताचा एक स्फटिक, आम्ही ग्रेन म्हणतो. सगळे धातू असेच असतात, फक्त ग्रेन सहसा डोळ्याला दिसत नाहीत. उच्च तापमानाला ओढ दिली की धातू हळूहळू ताणत जातो, त्याला क्रीप म्हणतात, आणि तडा बहुतेक वेळा दोन ग्रेनच्या सीमेवर जातो. मग लोकांनी विचार केला की सीमाच नको. आधी सगळे ग्रेन पात्याच्या लांबीला समांतर वाढवले, म्हणजे ओढीला आडव्या सीमा उरल्या नाहीत. पुढे अख्खं पातं एकाच स्फटिकाचं. प्रॅट अँड व्हिटनीमध्ये यावर साठच्या दशकात काम सुरू झालं, प्रवासी विमानाच्या इंजिनात ही पाती ऐंशीच्या दशकात आली. इतका वेळ त्यांनाही लागला.

करतात ते असं. मेणाचं पातं, त्याच्या पोटात सिरॅमिकचा गाभा, कारण आतल्या हवेच्या वाटा त्याच गाभ्याने तयार होतात. मेणावर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण काढायचं, साचा भाजायचा, व्हॅक्यूममध्ये ओतायचं. मग साचा भट्टीच्या गरम भागातून खाली, मिनिटाला काही मिलिमीटर अशा वेगाने उतरवायचा. तळाशी बरेच ग्रेन सुरू होतात, पण वर जायची वाट डुकराच्या शेपटीसारखी पिळाची असते, त्यातून एकच ग्रेन पार होतो आणि तोच पुढे सगळं पातं भरतो. शेवटी गाभा कॉस्टिकमध्ये दाबाखाली विरघळवून काढायचा. गाभा ओतताना केसभर सरकला तर एका बाजूची भिंत पातळ. एखाद्या कोपऱ्यात भलताच ग्रेन उगवला तर पातं बाद. एक्स-रेने स्फटिकाची दिशा तपासतात, ठरलेल्या कोनाबाहेर गेली तरी बाद. इतकं सगळं झाल्यावर ते काकांच्या भोकांकडे जातं.

आपल्याकडे हे काम हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेत झालंय. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी सिंगल क्रिस्टलची (एकाच स्फटिकाची) ६० पाती एचएएलला दिली, एकूण ३०० करायची होती. मला ती बातमी वाचून फार बरं वाटलं होतं. सेमिनारमध्ये ती जरूर घे. पण हेलिकॉप्टरच्या पात्यावरून लढाऊ विमानाच्या पात्यावर जाताना आकार, तापमान, आतल्या वाटा सगळं बदलतं, हेही सांग.

घोडबंदर_८८

रिंगचं वाचून स्कॅनरचा मुद्दा मागे घेतो. पण पैसा तुटक येतो तो इच्छाशक्ती नसल्यामुळेच ना? तिथे मी ठाम आहे.

कळवा_मेकॅनिकल

काका, ताई, तुमच्यामुळे सेमिनारचा अर्धा भाग लिहून झाला. आकडेमोड केली, ६४.५ किलोन्यूटन आले.

आणखी एक विचारतो. वाचताना अमेरिकेच्या जीईचं एक्सए-१०० इंजिन सापडलं. नेहमीच्या दोन प्रवाहांऐवजी हवेचे तीन प्रवाह, गरजेप्रमाणे इंजिन रेटा वाढवणार किंवा इंधन वाचवणार. २०२० च्या अखेरीस चाचण्या सुरू झाल्या, आणि २०२३ मध्ये त्यांच्या वायुदलाने एफ-३५ विमानासाठी ते न घेता आहे तेच एफ-१३५ इंजिन सुधारायचं ठरवलं. कावेरीही तेजसमध्ये बसलं नाही. अशा इंजिनांना सेमिनारमध्ये 'अयशस्वी' म्हणू का?

वागळे_टूलरूम

म्हणू नकोस, आणि का ते सरांना सांगता येईल असं लिहून ठेव.

जीईनेच आधी वायएफ-१२० नावाचं इंजिन केलं होतं, तेही चालता चालता आपली चाल बदलणारं. वायएफ-२२ आणि वायएफ-२३ या दोन्ही प्रायोगिक विमानांवर उडालं, आणि १९९१ मध्ये प्रॅटच्या वायएफ-११९ पुढे हरलं. त्या हरलेल्या इंजिनाचा धागा धरूनच ते लोक एक्सए-१०० पर्यंत आले. प्रायोगिक इंजिन चालवतात ते काय तुटतं हे बघायला. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं युमो ००४ जेट इंजिन घे, निकेल आणि क्रोमियम मिळत नव्हतं, इंजिन १० ते २५ तास टिकायचं. त्यातून नंतर सगळ्या जगाने धडे घेतले.

कावेरीचं मोजमाप करताना चाचणीचा भाग सोडू नकोस. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. जमिनीवर इंजिन चालवून एवढंच कळतं की जमिनीवर ते चालतं. ११ किलोमीटरवर हवेचा दाब पावएक उरतो, थंडी उणे ५६ अंश. तिथे काँप्रेसर कसा वागतो, विझलेली ज्योत परत पेटते का, आफ्टरबर्नर लागतो का, हे बघायला एक तर तसा दाब तयार करणारी मोठी चेंबर लागते, नाही तर इंजिन बांधून नेणारं मोठं विमान. लढाऊ विमानाच्या इंजिनासाठी आपल्याकडे दोन्ही नव्हतं. इंजिन रशियाला पाठवायचं. २००४ मध्ये तिथल्या उंचीच्या चाचण्यांत कावेरी नापास झालं. नोव्हेंबर २०१० मध्ये मॉस्कोजवळ आयएल-७६ या मोठ्या मालवाहू विमानाच्या पंखाखाली बांधून उडवलं, ६ किलोमीटर उंची, ध्वनीच्या ०.६ पट वेगापर्यंत. आता विचार कर, तिथे एखादं पातं गेलं तर इंजिन सोडायचं, पेटीत भरायचं, परत आणायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा परवानग्या, पुन्हा तिथली तारीख. जे काम घरच्या टेस्ट बेडवर आठवड्यात होतं त्याला तिथे हंगाम जातो. माझ्या मते मुदती हुकण्याचं हे कारण धातूइतकंच मोठं आहे, आणि त्यावर बोललं कमी जातं.

याआधीचं आपलं लढाऊ विमान मारुत, त्याचंही वाच. जर्मन डिझायनर कुर्ट टांक यांनी आखलेलं विमान १९६१ मध्ये उडालं, देखणं आणि चपळ, पण त्याच्या तोलाचं इंजिन कधी मिळालंच नाही, ऑर्फियस या कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं. त्याला आफ्टरबर्नर जोडून बघायचं काम जीटीआरईनेच केलं. त्या आवृत्तीच्या उड्डाणात १० जानेवारी १९७० ला ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. सेमिनारमध्ये त्यांचं नाव घे. कावेरीचे लोक शून्यातून उठले नव्हते, पण मधल्या काळात लढाऊ विमानाचं इंजिन त्यांना सलग करायला मिळालं असतं तर १९८९ ची सुरुवात वेगळी झाली असती.

घोडबंदर, पैशाच्या सलगतेबद्दल तुमचं माझं एकमत आहे.

आणि कावेरी संपलेलं नाही. आफ्टरबर्नर काढलेली, पन्नास किलोन्यूटनच्या आसपासची आवृत्ती चालकविरहित लढाऊ विमानासाठी पुढे नेतायत. तिची मॉड्यूल बनवण्याचं काम गोदरेजला मिळालंय, ज्यांच्या विक्रोळीच्या शॉपमध्ये इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनाचं काम वर्षानुवर्षं चाललंय. विकासचं बघ, सलग काम मिळालं म्हणून तिथे माणसं टिकली.

महापे_लॅब

विकासच्या मुद्द्याला दुजोरा. आमच्या लॅबमध्येही ज्या कामाचे नमुने दर महिन्याला येतात त्यातच मुलं तयार होतात.

कळवा_मेकॅनिकल

शेवटचं. सर नक्की विचारणार की तेजस मार्क-२ साठी जीईचं एफ-४१४ इंजिन येतंय, ९८ किलोन्यूटनचं, आणि एएमसीए या पुढच्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नवं इंजिन करायचं २०२५ मध्ये जाहीर झालंय. मग कावेरीवर एवढा वेळ का? काय सांगू?

वागळे_टूलरूम

सांग की साफ्रानच्या माणसासमोर टेबलाच्या या बाजूला जो बसेल तो जीटीआरईचा असेल, आणि त्याने कावेरी फुटताना पाहिलंय. काय मागायचं ते त्यालाच कळतं. करारात तंत्रज्ञान मिळणार असं लिहिलेलं असतं. पाती कुठे ओतणार, भोकांची प्रोसेस शीट कोणाच्या नावावर राहणार, उंचीची चाचणी कोणत्या देशात होणार, हे तीन प्रश्न विचारायला आधी स्वतः अडून बघावं लागतं. तुझ्या शेवटच्या स्लाइडवर हे तीन प्रश्न टाक.

आणि सुट्टी लागली की रबाळेच्या एखाद्या शॉपमध्ये महिनाभर बिनपगारी उभा राहा, जिथे इन्कोनेल किंवा टायटॅनियम कापतात. पहिल्या दिवशी ऑपरेटरला इन्सर्ट का बदलला ते विचार, आणि बदललेला इन्सर्ट भिंगाखाली बघ. खाच कुठे पडलीय ते वहीत काढून ठेव.